खासगी संदेशांद्वारे व्यवसायप्रसिद्धी

खासगी संदेशांद्वारे व्यवसायप्रसिद्धी म्हणजे व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, टेलिग्राम यांसारख्या समाजमाध्यमांवरील व्यक्तिगत संदेशांचा उपयोग करून लहान व्यवसायाची वस्तू वा सेवा ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याची पद्धत होय. वृत्तपत्रातील जाहिरात किंवा चौकातील फलक सर्वांसाठी असतो. हा संदेश मात्र एका व्यक्तीच्या फोनवर, तिच्या आप्तेष्टांच्या निरोपांच्या रांगेत येऊन बसतो. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी, या दोहोंचे मूळ याच एका गोष्टीत आहे. महाराष्ट्रात दिवाळीचा फराळ, मसाले, साड्या, शिकवण्या आणि हापूस आंब्याच्या पेट्या यांच्या विक्रीत ही पद्धत विशेष रूढ आहे.

पार्श्वभूमी

ओळखीच्या आधारे विक्री ही जुनीच रीत आहे. पापड-लोणची करणाऱ्या गृहिणीचा माल शेजारणींच्या तोंडी शिफारशीवर खपत असे आणि आजही खपतो. इलेक्ट्रॉनिक माध्यमातील पहिला अनाहूत व्यापारी संदेश ३ मे १९७८ रोजी पाठवला गेला, असे सामान्यतः मानले जाते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीतील गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या संगणकजाळ्यावरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण धाडले. त्यावर तक्रारींचा पाऊस पडला. पण त्यातून विक्रीही झाल्याचे थुर्क यांनी पुढे सांगितले. उपद्रव आणि नफा यांची ही जोडी तेव्हापासून सुटलेली नाही. १९९९ मध्ये सेथ गोदिन यांनी 'परमिशन मार्केटिंग' या पुस्तकात, ग्राहकाची परवानगी घेऊनच त्याच्याशी संवाद साधावा, असा विचार मांडला.

व्हॉट्सॲपची सुरुवात २००९ मध्ये झाली. लहान व्यावसायिकांसाठी 'व्हॉट्सॲप बिझनेस' हे स्वतंत्र विनामूल्य ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यात वस्तूंची छायाचित्रे व किमती मांडण्यासाठी कॅटलॉगची सोय झाली. मार्च २०२० मधील टाळेबंदीने या पद्धतीला मोठी गती दिली. नेहमीची बाजारसाखळी विस्कळीत झाल्यावर कोकणातील अनेक आंबा बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांतील व्हॉट्सॲप ग्रुपवर मागणी नोंदवून घेतली व पेट्या थेट इमारतीच्या दाराशी पोहोचवल्या. अडत्याविना ग्राहक मिळू शकतो, हा अनुभव त्यांतून पुष्कळांना आला.

साधने व मर्यादा

ब्रॉडकास्ट लिस्टद्वारे एकच संदेश २५६ जणांपर्यंत स्वतंत्रपणे पाठवता येतो. मात्र ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे, त्यांनाच तो मिळतो. 'शेकडो लोकांना पाठवले, पण कोणी विचारले नाही' या नवख्या विक्रेत्याच्या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते. स्टेटसवर टाकलेला मजकूर २४ तास राहतो आणि तो पाहायचा की नाही हे पाहणारा ठरवतो. या दृष्टीने स्टेटस हे सर्वांत सभ्य साधन म्हणावे लागेल. इन्स्टाग्रामवर अनोळखी व्यक्तीचा संदेश प्रथम विनंतीच्या वेगळ्या कप्प्यात जातो.

यंत्रणेच्या साह्याने घाऊक संदेश पाठवणे व्हॉट्सॲपच्या नियमांत निषिद्ध आहे आणि असे करणाऱ्यांविरुद्ध ७ डिसेंबर २०१९ पासून न्यायालयीन कारवाईचाही इशारा कंपनीने दिला होता. अनेकांनी ब्लॉक केलेला किंवा तक्रार केलेला क्रमांक बंद होऊ शकतो. एकाच क्रमांकावर सारा व्यवसाय चालवणाऱ्याचे अशा वेळी ग्राहकही जातात आणि जुन्या मागण्यांची नोंदही हाताशी राहत नाही. ग्राहकांची वेगळी वही ठेवणे त्यासाठी उपयुक्त ठरते.

संमतीचा प्रश्न

या विषयातील खरा वाद क्रमांक कोठून मिळाला, याविषयी आहे. एकदा केक घरपोच करण्यासाठी दिलेला क्रमांक कायमच्या यादीत जातो. शाळेतील पालकांच्या किंवा इमारतीच्या ग्रुपमधून क्रमांक उचलले जातात. कधी न विचारताच नव्या ग्रुपमध्ये ओढले जाते. शेवटच्या प्रकाराला आळा घालण्यासाठी, आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घ्यावे हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपने एप्रिल २०१९ मध्ये दिली.

मराठी समाजात या प्रश्नाला भिडेची बाजू आहे. संदेश पाठवणारी व्यक्ती नात्यातली, शेजारची किंवा मुलाच्या वर्गमित्राची आई असते. तिला 'नको' म्हणणे अवघड, ब्लॉक करणे त्याहून अवघड. परिणामी घेणारा गप्प राहतो आणि पाठवणारी ते मौन संमती समजते. भिडेपोटी एकदा घेतलेल्या चकलीवरून पुढच्या वर्षीच्या मागणीचा अंदाज बांधला की माल पडून राहतो, म्हणजे नुकसान विक्रेत्याचेही होते. 'फराळाचे दरपत्रक दरवर्षी पाठवू का?' असे एकदा विचारणे आणि नकाराची वाट मोकळी ठेवणे दोघांच्याही हिताचे असते. दर, वजन, मागणीची अंतिम तारीख आणि घरपोच सेवेचा खर्च पहिल्याच संदेशात दिल्यास उलटसुलट विचारणा टळते. 'दरासाठी पर्सनलवर या' ही बरीच रुळलेली लकब मात्र ग्राहकाला विनाकारण गुंतवणारी आहे.

कायदा

भारतात व्यापारी एसएमएस व दूरध्वनींवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांचे नियंत्रण आहे आणि १९०९ या क्रमांकावर नकार नोंदवता येतो. ही व्यवस्था दूरसंचार कंपन्यांमार्फत जाणाऱ्या संदेशांपुरती आहे. इंटरनेटवरील ॲपमधून आलेल्या जाहिरातीला ती लागू होत नाही. एसएमएस नकोत म्हणून नोंद केलेल्या व्यक्तीलाही व्हॉट्सॲपवर जाहिराती येतात, त्याचे कारण हेच.

डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हा या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट व निःसंदिग्ध असावी लागते आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे लागते. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती कारणासाठीच्या वापराला कायद्यात सूट आहे. परंतु स्वयंपाकघरातून चालत असली तरी विक्री ही त्या अर्थाने घरगुती बाब ठरणे कठीण. युरोपीय संघाच्या २००२ च्या निदेशानुसार पूर्वसंमती आवश्यक आहे. आधीच्या ग्राहकाला तशाच वस्तूंविषयी कळवता येते, पण प्रत्येक संदेशात नकाराची सोय द्यावी लागते. खाद्यपदार्थ विकणाऱ्यास भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक असतो. विक्री केवळ ओळखीत होते म्हणून ही अट सुटत नाही.

फसवणूक

ओळखीच्या ग्रुपवर आलेला संदेश खरा मानण्याकडे कल असल्याने बनावट दुकानांचे संदेशही तेथे सहज पसरतात. उलट बाजूने विक्रेतेही फसतात. मोठी मागणी नोंदवून 'आगाऊ रक्कम पाठवतो' असे सांगत क्यूआर कोड धाडला जातो व तो स्कॅन करून पिन टाकायला लावले जाते. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. अशा फसवणुकीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ नोंदवता येते.