पोस्टरवर पहिलं नाव कुणाचं? सुपरहिरोंच्या पोस्टरांचा थोडा हिशोब

मंडळी, ज्यांच्या घरी आठ ते सोळा वयाची मुलं आहेत, त्यांच्या एका तरी भिंतीवर सुपरहिरोचं पोस्टर असणारच. आपण बघतो ते फक्त टेपने भिंतीचा रंग निघेल का (भाड्याचं घर, डिपॉझिटचा प्रश्न!). पण मी पडले सीए. कागद समोर आला की आधी तळाची बारीक अक्षरं वाचायची, ही जुनी खोड. तिथून सुरुवात झाली आणि मग जुनी-नवी पोस्टरं शेजारी शेजारी ठेवून बघायचा नादच लागला.

आधी त्या बारीक अक्षरांबद्दलच सांगते. पोस्टरच्या तळाशी उंच, काडीसारखी, एकमेकांना चिकटलेली नावं असतात ना? ती तशी का, ठाऊक आहे? कलाकारांच्या करारात लिहिलेलं असतं की नावाच्या अक्षरांची उंची सिनेमाच्या शीर्षकाच्या अमुक टक्के हवी. रुंदीबद्दल सहसा कुणी बोलत नाही. मग काय, उंची कायम ठेवून अक्षरं दोन्ही बाजूंनी चेपायची! नियमही पाळला आणि जागाही वाचली. आमच्या व्यवसायात अशा हुशारीची आम्हाला चांगली ओळख असते.

आता १९७८ चा 'सुपरमॅन' घ्या. बॉब पीक या चित्रकाराने रंगवलेल्या त्या पोस्टरवर आहे काय, तर ढग, त्यातून झपकन गेलेली रंगीत रेघ आणि छातीवरचं ते 'एस' चिन्ह. खाली एक आश्वासन, की माणूस उडतो यावर तुमचा विश्वास बसेल. आणि नावं? पहिलं मार्लन ब्रँडो. दुसरं जीन हॅकमन. ज्याने सुपरमॅनचं काम केलं तो ख्रिस्तोफर रीव्ह तिसरा! ब्रँडो पडद्यावर जेमतेम वीस मिनिटं, पण त्याला सुमारे ३७ लाख डॉलर आणि वर नफ्यात वाटा. रीव्हला दोन सिनेमांचे मिळून अडीच लाख. हे वाचून राग येतो, पण निर्मात्याच्या खुर्चीत बसून बघा. रीव्हला तेव्हा कोण ओळखत होतं? ब्रँडोचं नाव हे तारण होतं, त्याच्यावर पैसा उभा राहायचा. पुढे त्याच नफ्याच्या वाट्यावरून ब्रँडो कोर्टात गेला, ती गोष्ट वेगळी.

जाता जाता एक उपयोगी माहिती. त्या काळी अमेरिकेत पोस्टर थिएटरच्या मालकीचं नसायचं. नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी ते भाड्याने द्यायची आणि खेळ संपले की परत मागायची. पाठवताना घड्या घालायच्या, म्हणून तेव्हाच्या बहुतेक अस्सल पोस्टरांवर घडीच्या रेषा दिसतात. कुणी तुम्हाला १९७८ चं कोरं करकरीत, सुरकुती नसलेलं पोस्टर 'ओरिजिनल' म्हणून विकत असेल, तर पाकीट काढायच्या आधी दोन प्रश्न विचारा.

अकरा वर्षांनी, १९८९ मध्ये, टिम बर्टनचा 'बॅटमॅन' आला आणि खेळच बदलला. काळी पार्श्वभूमी, सोनेरी लंबगोल, त्यात वटवाघूळ आणि खाली तारीख, २३ जून. बस्स! सिनेमाचं नावसुद्धा नाही. हे चिन्ह सिनेमाचं कलादिग्दर्शन करणाऱ्या अँटन फर्स्टचं. काहींना त्यात वटवाघळाऐवजी दात आणि पडजीभ असलेलं उघडं तोंड दिसायचं. मुलांना विचारून बघा, निम्मी तरी हेच म्हणतील. बस थांब्यांवरची पोस्टरं लोक काचा फोडून पळवत होते म्हणे.

चेहरा का नाही लावला? माझा अंदाज सांगते. मायकेल कीटन तेव्हा विनोदी नट म्हणून ओळखला जायचा. त्याला बॅटमॅन केला म्हणून चाहते भडकले होते, स्टुडिओकडे हजारोंनी तक्रारीची पत्रं आली होती. मग चेहरा कशाला दाखवा? शिवाय चिन्ह टी-शर्टवर छापता येतं, टोपीवर येतं, डब्यावर येतं. जॅक निकोल्सनने तर, त्याचं नाव इथेही नायकाच्या आधी, स्वतःचं मानधन कमी करून तिकीटविक्रीबरोबर या असल्या वस्तूंच्या विक्रीतही वाटा लिहून घेतला होता. करार वाचता येणारा माणूस!

२००२ च्या 'स्पायडरमॅन'चं एक पोस्टर मात्र हिशोबाच्या पलीकडचं आहे. स्पायडरमॅनचा मुखवटा जवळून, आणि त्याच्या चकचकीत डोळ्यांत न्यूयॉर्कच्या इमारतींचं प्रतिबिंब, त्यात ते दोन जुळे मनोरेही. पोस्टर छापून लागलं होतं, आणि मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. स्टुडिओने ती पोस्टरं परत मागवली. मनोऱ्यांच्या मध्ये जाळं विणून हेलिकॉप्टर अडकवल्याचं दाखवणारी जाहिरातही काढून घेतली. सिनेमा पुढच्या मे महिन्यात आला. आम्ही न्यूजर्सीत नदीच्या या काठाला राहतो. इथले जुने शेजारी पलीकडच्या रिकाम्या आकाशाबद्दल अजून हळू आवाजात बोलतात. आपल्या मुलांना ही तारीख फक्त शाळेच्या धड्यातली. ते पोस्टर दाखवलं तर धड्यापेक्षा जास्त कळतं.

तोवर हाताने रंगवलेली पोस्टरं जवळपास संपत आली होती. गिल्येर्मो देल तोरोच्या 'हेलबॉय'साठी (२००४) ड्रू स्ट्रूझनने सुंदर चित्र केलं, स्टुडिओने फोटोवालं पोस्टर वापरलं. मी कोल्हापूरची. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली ते गाव! लहानपणी थिएटरवरची रंगवलेली मोठी बॅनरं बघत शाळेत जायचे, मग फ्लेक्स आले आणि ती गेली. त्यामुळे स्ट्रूझनचं दुःख मला जरा जास्तच जवळचं वाटतं.

आणि आता आलेली डोक्यांची गर्दी! 'स्पायडरमॅन: होमकमिंग'च्या (२०१७) एका पोस्टरची तर नेटवर भरपूर थट्टा झाली. टोनी स्टार्क मुखवट्यासकट एकदा आणि बिनमुखवट्याचा एकदा. पण हिशोब सरळ आहे. प्रत्येक चेहरा म्हणजे पुढच्या एखाद्या सिनेमाची आगाऊ जाहिरात, मग एकही चेहरा गाळायचा कसा? त्याच वर्षी 'लोगन'च्या एका पोस्टरवर फक्त दोन हात होते. पंजे बाहेर आलेला म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा हात आणि त्यात एका छोट्या मुलीचा. मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं पोस्टर तेच. (सगळ्यात मजेशीर मात्र शांघायचं! २०१३ मध्ये तिथल्या एका थिएटरने चाहत्यांनी गमतीत जुळवलेलं, थॉर आणि लोकी एकमेकांना बिलगल्याचं चित्र खरं पोस्टर समजून लावलं होतं.)

गर्दीच्या पोस्टरांतलं एक मात्र जरूर बघा, 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'. मार्च २०१९ मध्ये ते पहिल्यांदा प्रसिद्ध झालं तेव्हा वरच्या ओळीत सगळ्यांची नावं होती, फक्त दनाई गुरिराचं नव्हतं. ओकोये झालेली ती कृष्णवर्णीय अभिनेत्री. चेहरा होता, खालच्या चेपलेल्या अक्षरांत नावही होतं, वर नव्हतं. एका बोलक्या रकूनला नुसता आवाज देणाऱ्या ब्रॅडली कूपरचं नाव वर होतं, हे विशेष. लोकांनी ओरड केली आणि काही तासांत नाव घातलेलं नवं पोस्टर आलं.

मी पूर्वी एका फर्ममध्ये होते. रात्री जागून अहवाल मी लिहायचे, मुखपृष्ठावर नावं इतरांची असायची. 'टीमचं काम आहे' असं सांगायचे. माझ्यासाठी कुणी ओरड केली नाही, मीही नाही. म्हणून ही दोन पोस्टरं मी लेकीला शेजारी शेजारी ठेवून दाखवली आणि फरक शोधायला लावला. तिला दहा मिनिटं लागली. सापडल्यावर तिने विचारलं, "आई, तिच्या करारात लिहिलेलं नव्हतं का?"

तुमच्या भिंतीवर कुठलं आहे? पहिलं नाव कुणाचं आणि मधला चेहरा कुणाचा, दोन्ही बघून खाली लिहा.