तसबिरीमागील नाव

छायाचित्रणकला धारवाड प्रांतात आली ती माणसांचे चेहरे टिपण्यासाठी नव्हे, तर देवळांचे दगड टिपण्यासाठी. पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीचे रहस्य १८३९ साली जाहीर झाले. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, म्हणजे १८५५ साली, मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज यांस इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमले. पुढे ते काम डॉ. पिगू यांनी चालविले. या दोघांनी व नील नामक तिसऱ्या अधिकाऱ्याने घेतलेल्या चित्रांचा धारवाड व म्हैसूर येथील वास्तुकलेवरील ग्रंथ १८६६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यास मेडोज टेलर व फर्ग्युसन यांची विवेचने जोडलेली आहेत. लक्कुंडीची देवळे अशा रीतीने येथील गृहस्थांच्या आधी कागदावर उमटली.

ही विद्या केवळ साहेबांच्या हाती राहिली असे मात्र नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि मूळ गोव्यातील मांद्रे गावच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील एक जाणते छायाचित्रकार होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत हाच व्यवसाय पत्करला.

तरीही मुंबईपासून आमच्या ओटीपर्यंत फोटो यावयास बराच काळ लागला, आणि त्याचे कारण रसायनांत होते. त्या वेळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर द्रावण चढविणे, चित्र घेणे व ते धुऊन काढणे हे सर्व द्रावण वाळण्यापूर्वी उरकावे लागे. छायाचित्रकार बाहेरगावी निघाला, की काळोखी तंबू व रसायनांच्या बाटल्या बरोबर घेऊनच. मॅडॉक्सने १८७१ मध्ये कोरड्या काचेची वाट दाखविली. पुढील दशकात अशा तयार काचा बाजारात मिळू लागल्या, आणि त्याच दशकात सदर्न मराठा रेल्वे हुबळी-धारवाडास पोहोचली. फोटो ही मग राजेरजवाड्यांपुरती वस्तू राहिली नाही.

घरोघरच्या आठवणी या काळापासून सुरू होतात. फोटो काढल्याने आयुष्य उणावते या भीतीने कित्येक वडीलधाऱ्यांनी तो काढूच दिला नाही. ज्यांनी काढविला, त्यांच्यामागे रंगविलेल्या खांबांचा पडदा असे, शेजारी तिवईवर पुस्तक असे आणि चेहऱ्यावर श्वास रोखून धरल्याचे गांभीर्य असे. आमच्या घरातील सर्वांत जुन्या फोटोत पणजोबा खुर्चीवर बसले असून पणजी मागे उभी आहे. पाठीवर मोडीत पणजोबांचे नाव आहे आणि त्यापुढे ‘व कुटुंब’ एवढेच शब्द आहेत. पणजीचे सासरचे नाव श्राद्धामुळे टिकले. माहेरचे नाव एका आत्याआजीस तेवढे ठाऊक होते. ती गेली आणि ते नावही गेले. पणजीच्या नाकातील नथीचा मोती न् मोती त्या फोटोत आजही मोजता येतो, पण तिला आईबाप कोणत्या नावाने हाक मारीत हे आता कोणीच सांगू शकत नाही.

वकिली व्यवसायात याचे महत्त्व वेगळ्या रीतीने ध्यानी येते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ३२ व्या कलमाने दिवंगत व्यक्तींमधील नात्याविषयीचे, वाद उद्भवण्यापूर्वी वंशावळीत, समाधिशिलेवर किंवा कौटुंबिक तसबिरीवर केलेले कथन पुराव्यास योग्य मानले होते. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, तरी ही तरतूद कायम आहे. तसबिरीतील चेहरा कितीही बोलका असला तरी तो कोणाचा, हे कोणीतरी लिहून ठेवावे लागते, हे कायद्याने ओळखले. लोकरीतीने मात्र ते अद्याप पुरते ओळखलेले नाही.

बिग्ज व पिगू यांच्या चित्रांखाली देवळांची नावे आहेत. म्हणून आज दीडशे वर्षांनंतरही अभ्यासकास लक्कुंडीचा कोणता खांब ढासळला हे ताडून पाहता येते. दगडांच्या वाट्याला आलेली ही काळजी आपल्या माणसांच्या वाट्यालाही यावी. घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी असेल तर या दिवाळीस जुनी पेटी त्यांच्यापुढे उघडावी, आणि फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत. स्त्रियांची दोन्ही नावे लिहावीत.