‘तेसवळमै’ : संहिताबद्ध झालेली रूढी

श्रीलंकेतील जाफन्याच्या तमिळ समाजाचा रूढिगत कायदा ‘तेसवळमै’ या नावाने ओळखला जातो. ‘तेसम’ म्हणजे देश, ‘वळमै’ म्हणजे वहिवाट. या देशरीतीची उपलब्ध संहिता मात्र मुळात तमिळमध्ये लिहिली गेलेली नाही. डच गव्हर्नर सिमोन्स याच्या आज्ञेवरून क्लास इसाक्स या अधिकाऱ्याने १७०६-०७ मध्ये ती डच भाषेत सिद्ध केली. नंतर तिचे तमिळ भाषांतर बारा मुदलियारांपुढे ठेवून त्यांची संमती घेण्यात आली, आणि १८०६ च्या १८ व्या विनियमाने ब्रिटिशांनी तिला कायद्याचे बळ दिले. लोकांच्या तोंडी असलेली रीत अशी परभाषेतून फिरून त्यांच्याकडेच परतली. मौखिक परंपरेचे लेखन म्हणजे निव्वळ नोंद, हे गृहीतक येथे टिकत नाही. संमती देणारे बाराही पुरुष होते, हेही विसरून चालणार नाही.

संहितेचा कणा संपत्तीच्या त्रिविध विभागणीत आहे. ‘मुदुसम’ हे वडिलार्जित धन. ‘चीदनम’ हे विवाहसमयी कन्येस दिलेले (‘स्त्रीधन’ या संस्कृत शब्दाशी त्याचे नाते उघड आहे). आणि ‘तेडिय तेट्टम’ हे विवाहोत्तर अर्जन. या तिसऱ्या संज्ञेत शोधणे, मिळविणे या अर्थाच्या धातूची पुनरुक्ती आहे. संसारातील धडपड जणू शब्दातच साठून राहिली आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की, पूर्वी पित्याकडील धन पुत्रांकडे व मातेकडील कन्यांकडे जात असे आणि पोर्तुगीज अमलात ही शिस्त ढिली पडून कोणत्याही धनातून हुंडा दिला जाऊ लागला, असे खुद्द संहिताच सांगते. म्हणजे जिला ‘पुरातन’ म्हणून प्रमाण मानले गेले, ती स्वतःच्याच परिवर्तनाची साक्ष देते. काही अभ्यासकांना यात मलबारी मातृवंशीय पद्धतीचे अवशेष दिसतात. तो तर्क मोहक आहे; पण धन मातेकडून कन्येकडे जाणे आणि वंश मातेकडून मोजणे या एकच गोष्टी नव्हेत.

हुंडा घेऊन गेलेल्या कन्येचा आईबापांच्या उर्वरित धनावरील हक्क सामान्यतः संपे. हुंड्याची जमीन तिच्या नावे राही. परंतु १९११ च्या जाफना वैवाहिक हक्क व वारसा अध्यादेशाने विवाहितेला पतीच्या लेखी संमतीवाचून आपली स्थावर मालमत्ता हयातीत हस्तांतरित करता येईना. १९२३ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक अध्यादेशाने सिलोनमधील इतर अनेक स्त्रियांवरील असे बंधन उठविले. तेसवळमैखालील तमिळ स्त्रिया त्यातून वगळल्या गेल्या.