मानवी जीवनाचे पावित्र्य : कॅथलिक शिकवण

प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा असल्यामुळे त्याचे जीवन गर्भधारणेपासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत पवित्र आणि अनुल्लंघनीय आहे, ही रोमन कॅथलिक चर्चची मूलभूत नैतिक शिकवण. गर्भपात, दयामरण, आत्महत्या, मृत्युदंड, युद्ध, कृत्रिम गर्भधारणा या प्रश्नांवरील चर्चच्या भूमिका तिच्यातूनच निघतात. तिची सर्वांत विस्तृत मांडणी पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ मार्च १९९५ रोजी काढलेल्या ‘इव्हांजेलियुम व्हिते’ (जीवनाची सुवार्ता) या परिपत्रात आहे. वर्तमानपत्रांत ही शिकवण बहुतेक वेळा गर्भपाताच्या विरोधापुरतीच दिसते. तिच्या इतिहासातला सर्वांत मोठा पालट मात्र गुन्हेगाराच्या जीवाबाबत झाला आहे.

तिचा आधार बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, ‘उत्पत्ती’त आहे आणि तो वाटतो तितका एकसंध नाही. पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचा घडवतो. चौथ्यात काइन भावाचा खून करतो. देव त्याला हाकलून देतो, पण कोणी त्याचा जीव घेऊ नये म्हणून त्याच्यावर खूणही करतो. नवव्यात, जलप्रलय ओसरल्यावर नोहाला सांगितले जाते की माणसाचे रक्त सांडणाऱ्याचे रक्त माणसाकडूनच सांडले जाईल, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. म्हणजे ज्या कारणाने खुनाला मनाई होते त्याच कारणाने खुन्याला देहान्ताची शिक्षाही होते. या दोन प्रसंगांचा मेळ घालण्यात धर्मवेत्त्यांची कित्येक शतके गेली.

रोमन जगात नको असलेले मूल उघड्यावर टाकून देण्यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे. त्या जगात ‘दिदाखे’ हा ख्रिस्ती आचारनियमांचा अगदी आरंभीचा ग्रंथ गर्भपात आणि अर्भकहत्या ही दोन्ही कृत्ये निषिद्ध ठरवतो. ख्रिस्ती लोक बालकांचे बळी देतात असा आरोप तेव्हा होत असे. १९७ च्या सुमारास त्याला उत्तर देताना कार्थेजच्या तर्तुल्लियनने म्हटले की आम्हांला गर्भातला जीव घेणेसुद्धा वर्ज्य आहे. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले. त्या वेळी बलात्कार सोसूनही जिवंत राहिलेल्या ख्रिस्ती स्त्रियांना जीव न दिल्याबद्दल टोमणे ऐकावे लागले. बिशप ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या आरंभीच त्यांची बाजू घेतली : दोष अत्याचार करणाऱ्याचा आहे आणि ‘खून करू नको’ ही आज्ञा स्वतःच्या जीवालाही लागू आहे. आत्महत्येच्या निषेधाचा हा पाया एका करुणेच्या युक्तिवादातून घातला गेला, हे पुढच्या कठोर शतकांत विसरले गेले.

तेराव्या शतकात धर्मवेत्ता थॉमस अक्वायनसने या शिकवणीला तिची चौकट दिली. निरपराध माणसाला जाणूनबुजून मारणे कोणत्याही परिस्थितीत निषिद्ध, हे तिचे मध्यवर्ती सूत्र. अपराध्याची गोष्ट वेगळी. पाप करणारा माणूस आपल्या प्रतिष्ठेपासून ढळतो, पशूच्या पातळीला येतो, म्हणून समाजाच्या हितासाठी राजसत्तेने त्याला मारणे योग्य ठरू शकते, असे त्याने लिहिले. पुढील सुमारे सातशे वर्षे ‘निरपराध’ या अटीवर सारी इमारत उभी होती.

गर्भाबाबतची भूमिका आरंभापासून एकसारखी होती, हे चर्चचे विधान निषेधापुरते खरे आहे. कारणमीमांसा आणि शिक्षा मात्र बदलत गेल्या. अ‍ॅरिस्टॉटलला अनुसरून मध्ययुगीन पंडित मानत की मानवी आत्मा गर्भात लगेच येत नाही, मुलाच्या बाबतीत चाळीस दिवसांनी आणि मुलीच्या बाबतीत त्याच्या दुपटीहून अधिक काळाने येतो. त्याआधीचा गर्भपात घोर पाप, पण मनुष्यवध नव्हे. पोप पाचवे सिक्स्टस यांनी १५८८ मध्ये हा भेद पुसून सर्वच गर्भपातांना खुनाची शिक्षा लावली. तीनच वर्षांनी चौदावे ग्रेगरी यांनी तो परत आणला. १८६९ मध्ये नववे पायस यांनी तो चर्चच्या दंडनियमांतून कायमचा काढला. आत्मा नेमका कधी येतो हा तात्त्विक प्रश्न १९७४ च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रानेही खुला ठेवला आहे. आजचा युक्तिवाद त्यावर अवलंबून नाही : तिथे माणूस असण्याची शक्यता असेल तर तेवढ्यानेच त्याला मारण्याची मनाई होते. गर्भपात करवणाऱ्यावर आणि करणाऱ्यावर आपोआप लागू होणारी बहिष्काराची शिक्षा चर्चच्या कायद्यात अजून आहे. मात्र या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये सर्व धर्मगुरूंना खुला केला.

आईचा जीव धोक्यात असतो तेव्हा हीच शिकवण सर्वांत अवघड होते. इथे अक्वायनसच्या स्वसंरक्षणाच्या विवेचनातून वाढलेले ‘दुहेरी परिणामा’चे तत्त्व लावले जाते : एका कृतीचे चांगले आणि वाईट असे दोन परिणाम होणार असतील, वाईट परिणाम हा हेतूही नसेल आणि साधनही नसेल, तर पुरेशा गंभीर कारणासाठी ती कृती करता येते. गर्भाशयाला कर्करोग झालेल्या गरोदर स्त्रीचे गर्भाशय काढणे चालते, जरी गर्भ त्यात जाणार असला तरी. थेट गर्भपात मात्र चालत नाही. इटलीतील बालरोगतज्ज्ञ जान्ना बेरेत्ता मोल्ला यांना १९६१ मध्ये गरोदरपणी गर्भाशयात गाठ आढळली. गर्भाशय काढण्यास या तत्त्वानुसार हरकत नव्हती, तरी त्यांनी फक्त गाठ काढून घेतली. मुलगी जन्मल्यावर आठवड्याभरात, २८ एप्रिल १९६२ रोजी, त्या वारल्या. २००४ मध्ये त्यांना संतपद दिले गेले. चर्चने त्यांच्या निर्णयाचा गौरव केला, पण तो कर्तव्याच्या पलीकडचा होता. भक्तिपर पुस्तिकांत हा फरक हटकून गळतो.

दुसरे टोक अमेरिकेतील फिनिक्सचे. तिथल्या सेंट जोसेफ रुग्णालयात २००९ मध्ये फुप्फुसांतील रक्तदाबाने मरणाच्या दारी आलेल्या, अकरा आठवड्यांच्या गरोदर स्त्रीचा गर्भपात करण्यात आला आणि ती वाचली. संमती देणाऱ्या समितीत एक धर्मभगिनी होती. ती बहिष्कृत झाल्याचे स्थानिक बिशपने जाहीर केले आणि डिसेंबर २०१० मध्ये रुग्णालयाचा कॅथलिक दर्जा काढून घेतला. दोघांपैकी एकही जीव वाचणार नसताना एक वाचवणे गैर कसे, या प्रश्नाला तत्त्वाच्या चौकटीतले उत्तर आहे. ते अनेक कॅथलिक नीतिवेत्त्यांनाही पटलेले नाही.

भारतीय वाचकाला या संदर्भात बेळगावच्या सविता हलप्पनवार आठवतील. व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या सविता २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधील गॉलवे येथे रक्तातील जंतुसंसर्गाने मरण पावल्या. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते, तरी गर्भाचे ठोके चालू असल्याने गर्भपाताची त्यांची विनंती नाकारली गेली. रुग्णालय सरकारी होते आणि आड आला तो १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीखालचा कायदा, पण ती दुरुस्ती कॅथलिक चळवळीच्या रेट्यामुळेच झाली होती. आईपेक्षा गर्भाचा जीव मोलाचा असे चर्चने कधीच शिकवलेले नाही, असा खुलासा आयरिश बिशपांनी केला. तो शास्त्रानुसार बरोबर होता. मात्र सिद्धान्त कायद्यात उतरला की डॉक्टर त्याच्या बारकाव्यांकडे पाहत नाहीत, खटल्याच्या भीतीकडे पाहतात. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती रद्द केली.

मरणाबाबतची शिकवण, बाहेरून पाहणाऱ्याला अनपेक्षित वाटावी इतकी लवचीक आहे. जीव राखणे कर्तव्य, पण वाटेल त्या उपायांनी नव्हे. सोळाव्या शतकात स्पेनच्या फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने लिहिले की वैद्याने सांगितले आणि त्याने आयुष्य वाढणार असले, तरी कोंबडी-तितरासारखे महागडे अन्न खाण्याचे बंधन माणसावर नाही. त्यातून सामान्य आणि असामान्य उपाय हा भेद रूढ झाला. पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना तो श्वसनयंत्राला लावला. निष्फळ किंवा न पेलणारा उपचार थांबवणे म्हणजे दयामरण नव्हे. वेदना शमवणारे औषध आयुष्य थोडे कमी करणारे असले तरी देता येते. मृत्यू घडवून आणण्याच्या हेतूने काही करणे वा न करणे मात्र निषिद्ध. दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्याला नळीने दिलेले अन्नपाणीही उपचार नसून साधी शुश्रूषा आहे, असे दुसरे जॉन पॉल यांनी मार्च २००४ मधील एका भाषणात सांगितले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी अशाच अवस्थेतल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत ज्या निष्ठेने सांभाळले, तिच्यामागे धर्मसिद्धान्त नव्हता; पण त्या भाषणातली शुश्रूषा याहून वेगळी नसावी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याच प्रकरणात आणि मग २०१८ मध्ये ‘कॉमन कॉज’ निकालात निष्क्रिय दयामरणाला वाट दिली. त्यातला काही भाग, म्हणजे व्यर्थ उपचार काढून घेणे, चर्चला पूर्वीपासून मान्य आहे. अन्नपाणी थांबवणे मान्य नाही.

या शिकवणीचा आधुनिक काळातला सर्वांत निर्भय उच्चार जर्मनीत झाला. म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी व्यासपीठावरून नाझींकडून होणारी मनोरुग्णांची हत्या उघड केली. जो उत्पादक नाही त्याला मारता येत असेल, तर म्हातारपणी आपले काय होईल, असे त्यांनी श्रोत्यांना विचारले. प्रवचनाच्या प्रती देशभर हातोहात फिरल्या. त्याच महिन्यात हिटलरने ती मोहीम अधिकृतपणे थांबवली. तोवर सुमारे सत्तर हजार माणसे वायूने मारली गेली होती आणि पुढेही उपासमारीने व औषधांनी हत्या चालूच राहिल्या. हेच गालेन हिटलरच्या रशियावरील स्वारीचे समर्थक होते, हेही नोंदले पाहिजे.

मृत्युदंडाकडे आता यावे. पोपच्या राज्यात जोव्हान्नी बात्तिस्ता बुगात्ती या जल्लादाने १७९६ ते १८६४ या काळात ५१६ जणांना देहान्त दिला. राज्य गेले आणि १९२९ मध्ये व्हॅटिकन नगरराज्य उभे राहिले, तेव्हा पोपच्या हत्येच्या प्रयत्नाला त्याच्या कायद्यातही मृत्युदंड होता. तो कधी वापरला गेला नाही; सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये तो रद्द केला. वैचारिक वळण ‘इव्हांजेलियुम व्हिते’त आले. जॉन पॉल तिथे काइनच्या खुणेकडे परततात आणि खुनीसुद्धा आपली मानवी प्रतिष्ठा गमावत नाही असे म्हणतात. अक्वायनसच्या पशूच्या उपमेला इतके थेट उत्तर चर्चच्या सर्वोच्च पातळीवरून क्वचितच दिले गेले असेल, जरी त्याचे नाव घेऊन ते दिलेले नाही. मृत्युदंड अनिवार्य ठरावा असे प्रसंग आता जवळजवळ उरलेले नाहीत, एवढेच त्या वेळी म्हटले गेले. जानेवारी १९९९ मध्ये सेंट लुइसच्या भेटीत जॉन पॉल यांनी मिझुरीच्या गव्हर्नरला एका कैद्यासाठी विनंती केली आणि त्याचा मृत्युदंड टळला. ऑगस्ट २०१८ मध्ये फ्रान्सिस यांनी चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेद बदलून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला.

हा विकास की विसंगती, यावर वाद आहे. परंपरावाद्यांचे म्हणणे असे की शतकानुशतके शिकवलेली गोष्ट एका परिच्छेदाने उलटत असेल, तर गर्भनिरोधाची बंदीही उद्या उलटू शकेल. समर्थक म्हणतात की निरपराधाच्या रक्षणाचा गाभा जागीच आहे, फक्त कुंपण अपराध्याला आत घेण्याइतके रुंदावले. दुसरा युक्तिवाद अधिक पटण्याजोगा आहे, परंतु रोमच्या चौकात उभारलेल्या वधस्तंभांचा हिशेब त्यातून सुटतोच.

आत्महत्येबाबतचा बदल मात्र गाजावाजा न होता झाला. १९१७ च्या चर्चच्या कायद्यानुसार जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चमधील अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या कायद्यात ती बंदी नाही. मनोविकार, वेदना आणि भय यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, हे आता मान्य आहे. युद्धाबाबत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शहरेच्या शहरे उद्ध्वस्त करणाऱ्या कृत्यांचा निःसंदिग्ध निषेध केला. प्रयोगशाळेतील गर्भधारणेला १९८७ च्या ‘दोनुम व्हिते’ने विरोध केला, त्यामागे वापराविना उरणाऱ्या भ्रूणांचा प्रश्न हे एक कारण होते.

हे सारे प्रश्न एकाच वस्त्राचे धागे आहेत, अशी मांडणी शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी डिसेंबर १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात केली. गर्भपाताला विरोध करणाऱ्याने अण्वस्त्रे आणि मृत्युदंड यांचाही विचार करावा, असा तिचा रोख होता. अमेरिकी राजकारणात ती दोन्ही पक्षांना गैरसोयीची ठरली. गर्भपाताचा प्रश्न इतरांच्या रांगेत बसवल्याने तो सौम्य होतो, अशी तक्रार बिशपांमधूनही झाली. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दिग्नितास इन्फिनिता’ या घोषणापत्रात गर्भपात, सरोगसी आणि दयामरण यांच्या सोबतीने दारिद्र्य, युद्ध, मानवी तस्करी आणि स्थलांतरितांची वंचना मांडली आहे. त्यात बर्नार्डिनचे नाव नाही, पण वस्त्र त्यांचेच आहे.