वृद्धांची वंदना आणि आपला इतिहास

धर्मांतराचा इतिहास आपण नेत्यांच्या भाषणांतून आणि परिषदांच्या ठरावांतून लिहिला. तो वृद्धांच्या वंदनेतही साठलेला आहे, याकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले.

वणी तालुक्यातील आमच्या खेड्यात पौर्णिमेला विहारात जमतात ती बहुतेक सत्तरी उलटलेली माणसे. मी घरातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात शिकवू लागलो तेव्हा मला वाटे, अर्थ न कळता चाललेले हे पाली पठण म्हणजे जुन्या पोथीचीच नवी आवृत्ती. आजीला तसे बोललोही. ती म्हणाली, "मी तिथं मांगाले नाई जात बाबू, आठवाले जाते."

काय आठवायचे? तिच्या आधीच्या पिढ्यांची प्रार्थना देवळाबाहेर उभी होती. चोखोबांची समाधीसुद्धा पंढरपुरात महाद्वाराबाहेरच आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा झाली आणि १६ तारखेला वर्धा नदीपलीकडे चांद्यात. आठ-नऊ वर्षांची आजी वडिलांबरोबर चांद्याला गेली होती. परतल्यावर घरातले देव नदीत गेले.

नागपूरनंतर अवघ्या ५३ दिवसांनी बाबासाहेब गेले. मागे त्यांनी तयार केलेली 'बौद्ध पूजापाठ' ही पुस्तिका होती. आमच्या गावात चौथी शिकलेला एकजण ओळ वाची, बाकीचे मागून म्हणत. मध्ये पुरोहित नव्हता. या वंदनेत याचना आहे ती शीलाची. धन, पाऊस वा पुत्र यांची नाही. शेतकरी-आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात मुलगा गमावलेली म्हातारीही त्या ओळीत बसते. तिथे तिला कोणी पूर्वजन्मीचे पाप सांगत नाही. ही गोष्ट लहान आहे काय?

तरुण कार्यकर्त्यांचा आक्षेप मी खोटा मानत नाही. पाचवे शील म्हणून घरी दारू पिणाऱ्याची वंदना पोकळच. परंतु त्याचा जाब याच म्हाताऱ्या बाया विचारतात. आपण विहाराबाहेर उभे राहून टीका करतो.

छप्पन सालची दीक्षा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांना पालीचा अर्थ आपण सांगावा आणि त्यांची आठवण वहीत उतरून घ्यावी. येत्या पौर्णिमेला विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या विहारात एवढे तरी करावे.