झेप, स्टन आणि तीन सेकंदांचा नियम

स्पर्धात्मक ऑनलाइन गेममध्ये दोन ताकदी एकत्र आल्या की लढतीचा निकाल बहुधा पहिल्या काही सेकंदांतच लागतो. एक ताकद क्षणात अंतर कापून शत्रूच्या अंगावर जाण्याची. दुसरी त्याला स्टन करण्याची, म्हणजे थोड्या वेळापुरते त्याचे चालणे, मारणे आणि स्पेल टाकणे सारे बंद पाडण्याची. नुसती झेप असेल तर पळ काढता येतो, नुसता स्टन असेल तर जवळ आलेल्याला थोपवता येते. दोन्ही एकाच्या हाती आल्या की लढाई कधी, कुठे आणि कुणावर करायची हे तोच ठरवतो. या जोडीची घडण कशी झाली, हे ‘डोटा’ या खेळाच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते.

मुळाशी आहे ब्लिझार्ड कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट 3’. जुलै 2002 मध्ये आलेल्या या खेळात खेळाडू अख्खे सैन्य हाकत असे आणि त्या सैन्याच्या पुढे काही खास शक्ती असलेले हिरो असत. माउंटन किंग हा हिरो हातोडा फेकून समोरच्याला स्टन करी. साध्या सैनिकावर त्याचा परिणाम 5 सेकंद टिके, हिरोवर 3 सेकंद. टॉरेन चीफ्टन पाय आपटून भोवतालच्या सगळ्यांनाच सुन्न करी. पुढच्या वर्षीच्या ‘द फ्रोझन थ्रोन’ या पुरवणीत वॉर्डन नावाची हिरो आली. तिच्याकडे ब्लिंक होते: एका जागी नाहीसे होऊन दुसऱ्या जागी प्रकट होण्याची शक्ती. वॉर्डनला स्टन दिलेला नव्हता आणि स्टनवाल्या या दोन्ही हिरोंना ब्लिंक दिलेले नव्हते. रचनाकारांनी दोन ताकदी वेगवेगळ्या हाती ठेवल्या होत्या, आणि तोवर समतोल सुरळीत चालला.

तो मोडला हौशी खेळाडूंनी. वॉरक्राफ्टबरोबर नकाशे बनवण्याचे साधन मिळत असे. त्यावर यूल या टोपणनावाच्या निर्मात्याने 2003 मध्ये ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ हा नकाशा तयार केला. नंतर ‘गिन्सू’ने त्याची ‘ऑलस्टार्स’ ही आवृत्ती वाढवली आणि 2005 पासून ‘आइसफ्रॉग’ने तिची सूत्रे हाती घेतली. इथे सैन्य नव्हते. दहा खेळाडू, पाचास पाच, आणि प्रत्येकाकडे एकच हिरो. शत्रू मारून सोने मिळवायचे आणि सोन्यातून वस्तू घ्यायच्या. या वस्तूंमध्ये केलनची कट्यार होती, पुढे ‘ब्लिंक डॅगर’ म्हणून गाजलेली. मूळ वॉरक्राफ्टमध्ये ती पळ काढण्यासाठी योजलेली वस्तू होती. डोटाच्या खेळाडूंनी तिचा उलटा उपयोग केला: शत्रूपासून दूर जाण्याऐवजी थेट त्यांच्या मधोमध उतरण्यासाठी. सोने साठवले की आता कोणताही स्टनवाला हिरो झेप विकत घेऊ शकत होता. या एका वस्तूने खेळाला जितके बदलले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने बदलले असेल.

यातूनच ‘इनिशिएटर’ ही भूमिका उभी राहिली. लढाईला तोंड फोडणारा, पहिली उडी घेणारा तो इनिशिएटर. सँड किंग हे त्याचे जुने आणि चांगले उदाहरण. त्याच्या ‘बरोस्ट्राइक’मध्ये झेप आणि स्टन दोन्ही आधीच एकत्र होते: तो जमिनीखालून सरकतो आणि वाटेत येणाऱ्या सगळ्यांना उडवतो. त्याचा ‘एपिसेंटर’ हा भूकंप मात्र सुरू व्हायला 2 सेकंद एकाच जागी थांबावे लागे, आणि त्या वेळात एखादा स्टन बसला की सारे वाया. म्हणून जाणता खेळाडू झाडीआड, शत्रूच्या नजरेबाहेर उभा राहून ते 2 सेकंद पुरे करी, मग ब्लिंकने घोळक्यात उतरे आणि लागलीच बरोस्ट्राइक टाके. शत्रूला तो दिसे तोवर भूकंप सुरू झालेला असे.

अर्थशेकर या हिरोची गोष्ट याहून बारीक आहे. त्याचा ‘फिशर’ लांबवर स्टन करतो, पण बटण दाबल्यापासून स्पेल निघेपर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ जातो. तेवढ्यात सावध खेळाडू बचावाची वस्तू वापरून मोकळा होतो. उलट त्याचा ‘इको स्लॅम’ बटण दाबताच लागतो. इको स्लॅमला स्वतःचा स्टन नाही. कोणताही स्पेल टाकला की अर्थशेकरच्या भोवती ‘आफ्टरशॉक’चा स्टन बसतो, तोच इथेही बसतो. त्यामुळे ब्लिंक आणि इको स्लॅम ही जोडी माणसाच्या डोळ्याला आणि बोटाला उत्तर द्यायची संधीच देत नाही.

ब्लिंक डॅगरसारखी वस्तू बेलगाम ठेवली असती तर खेळ एकसुरी झाला असता. आइसफ्रॉगने ती काढून टाकली नाही, तिला लगाम घातला, आणि तो निर्णय फार शहाणपणाचा ठरला. शत्रू खेळाडूकडून इजा झाली की कट्यार 3 सेकंद बंद पडते. इजा किती मोठी याला महत्त्व नाही; अंगावर चढलेले विष किंवा ‘रेडियन्स’ या वस्तूची धग एवढीही पुरते. शत्रूला झेप घेऊ द्यायची नसेल तर त्याला सतत बारीक चटके देत राहणे, हे डावपेच यातूनच आले. झेपेची मर्यादा 1200 एकक ठेवलेली आहे, आणि घाईत त्याहून लांब क्लिक केले तर हिरो पूर्ण 1200 न जाता 960 वरच उतरतो. नवख्यांचा घात याच ठिकाणी होतो: उडी थोडी कमी पडते आणि स्टन रिकाम्या जमिनीवर बसतो.

डोटात बहुतेक हिरोंना दिवसा 1800 एककांपर्यंत दिसते, रात्री फक्त 800. म्हणजे रात्रीच्या वेळी 1200 ची उडी शत्रूच्या नजरेपलीकडून येते. इनिशिएटर असलेल्या टीमला रात्र आणि उंचवटे प्रिय असतात ते याचमुळे, आणि समोरची टीम वॉर्ड, म्हणजे आसपासचा परिसर दाखवणाऱ्या वस्तू, लावून अंधारातल्या जागा उजळत राहते. दुसरा बचाव ‘ब्लॅक किंग बार’चा. ही वस्तू चालू असेपर्यंत बहुतेक स्टन लागत नाहीत. त्यामुळे कसलेला इनिशिएटर आधी नोंद ठेवतो की ही वस्तू कुणाकडे आहे आणि कुणी ती नुकतीच वापरून टाकली आहे. शिस्त साथीदारांनाही लागते. डोटात दोन स्टनच्या वेळांची बेरीज होत नाही. दोघांनी एकाच क्षणी टाकले तर एक फुकट जातो. पहिला संपत आला की दुसरा टाकायचा, तरच शत्रू जखडलेला राहतो.

व्हॉल्व्ह कंपनीने हा खेळ ‘डोटा 2’ म्हणून नव्याने उभारला आणि ऑगस्ट 2011 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात ‘द इंटरनॅशनल’ ही स्पर्धा भरवली. विजेत्या नाव्ही संघाला 10 लाख डॉलर मिळाले. झेप आणि स्टनचा सर्वांत गाजलेला क्षण मात्र 2015 च्या सिएटलमधल्या अंतिम फेरीतला. चौथ्या गेममध्ये चीनचा सीडीईसी संघ रोशन या राक्षसाच्या अरुंद खोबणीत जमला होता. इव्हिल जीनियसेसच्या पीपीडीने एन्शंट अपॅरिशनचा ‘आइस ब्लास्ट’ तिथे टाकला. तो लागलेल्याचे आरोग्य भरून येत नाही आणि फार कमी उरले की तो जागीच मरतो. मागोमाग युनिव्हर्स या टोपणनावाने खेळणाऱ्या सहील अरोराचा अर्थशेकर त्या खोबणीत उतरला आणि इको स्लॅम पडला. भोवती जितके शत्रू अधिक तितके इको स्लॅमचे पडसाद अधिक, आणि दाटीची ती जागा त्यासाठी सर्वांत सोयीची होती. इव्हिल जीनियसेसने अंतिम फेरी 3-1 अशी जिंकली. बक्षीस होते 66 लाख डॉलरहून अधिक. सायबर कॅफे आणि हॉस्टेलांतून भारतात रुजलेल्या या खेळाची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा, ‘ईएसएल वन’, एप्रिल 2019 मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाली.

इतर खेळांनी हाच प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (2004) वॉरियरची ‘चार्ज’ शत्रूवर धावून जाई आणि 1 सेकंद स्टन करी, पण लढाई सुरू होण्याआधीच वापरता येई. शिवाय एकाच खेळाडूवर लागोपाठ टाकलेला दुसरा स्टन निम्मा वेळ टिके, तिसरा पाव, आणि त्यानंतरचा लागतच नसे. ‘लीग ऑफ लेजंड्स’ने (2009) ‘फ्लॅश’ ही आखूड झेप साऱ्यांनाच खुली केली आणि एकदा वापरल्यावर तिला 5 मिनिटांची प्रतीक्षा लावली. त्यामुळे तिथे कुणाचा फ्लॅश शिल्लक आहे ही सर्वांत मोलाची माहिती असते.

‘ओव्हरवॉच’ या नेमबाजीच्या खेळात मात्र हे गणित बिघडले. मार्च 2018 मध्ये आलेल्या ब्रिगिटा या हिरोकडे ‘शील्ड बॅश’ होता: ढालीसकट पुढे मुसंडी आणि आपटताच स्टन. प्रतीक्षा काही सेकंदांचीच, आणि सोने साठवायची गरज नाही. तीन टँक (मार झेलणारे) आणि तीन सपोर्ट (साथीदारांना सांभाळणारे) अशी ‘गोट्स’ ही संघरचना तिच्या जोरावर वर्षभर स्पर्धांवर अधिराज्य गाजवत राहिली. झपाट्याने फिरणाऱ्या हिरोंना तिच्या जवळ जाणेच अवघड झाले आणि प्रेक्षक त्याच त्या लढतींना कंटाळले. 2019 मध्ये प्रत्येक भूमिकेला दोन खेळाडूंची सक्ती करून ती रचना मोडावी लागली. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या ‘ओव्हरवॉच 2’ने शील्ड बॅशमधला स्टन काढला, कॅसिडी या हिरोचा स्टन करणारा फ्लॅशबँगही काढला आणि अशा शक्ती मुख्यतः टँककडेच ठेवल्या.

नेमबाजीच्या खेळात हे अटळच होते. तिथे एक सेकंद जखडलेला खेळाडू बहुधा मेलेलाच असतो, आणि बचावाची वस्तू विकत घेण्याची सोयही नसते. डोटाची वाट निराळी राहिली. डिसेंबर 2020 च्या 7.28 या बदलात तर ब्लिंक डॅगरच्या तीन वाढीव आवृत्त्या आल्या. त्यांची ताकद वाढली, पण इजा होताच 3 सेकंद बंद पडण्याचा नियम त्यांनाही लागू ठेवला गेला.