ताडकळसच्या वाटेवरची पेटी

वाद्यांचे इतिहास बहुधा राजदरबारापासून आरंभ होतात. आमचा आजचा विषय मात्र बैलगाडीपासून आरंभ करणेच योग्य होईल. पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे गाव काळ्या जमिनीच्या मुलुखात आहे, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीची वाट कशी होते हे त्या बाजूच्या वाचकांस सांगावयास नको. चाक तुंब्यापर्यंत रुतले म्हणजे उतारू खाली उतरतात आणि सामान माणसांच्या डोक्यावर चढते. १९०० साली मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा कीर्तनकारांस व गवयांस स्टेशनापर्यंतचा प्रवास सुकर झाला. स्टेशनापासून गावापर्यंतचा प्रवास मात्र पूर्वीचाच राहिला. सप्ताहासाठी निघालेल्या मंडळींच्या सामानात वीणा, टाळ आणि मृदंग ही वडिलार्जित वाद्ये. त्यांच्या शेजारी एक चौकोनी लाकडी पेटी केव्हा येऊन बसली, हे कोणाच्या फारसे ध्यानातही आले नाही. ती आली ती डोक्यावर मावत होती म्हणून, असे आमचे मत आहे.

मुळात ती अशी नव्हती. पितळेची पातळ जीभ वाऱ्याने थरथरून बोलते ही युक्ती चीन देशातील शेंग नामक वाद्यात फार प्राचीन काळापासून आहे. पॅरिस येथील अलेक्झांडर दबँ या कारागिराने १८४० च्या सुमारास त्याच तत्त्वावर आपले हार्मोनियम सिद्ध केले, तेव्हा ते एखाद्या मेजासारखे पायांवर उभे राही. वाजविणारा खुर्चीवर बसे, पायांनी भाता हाके आणि दोन्ही हातांनी पट्ट्या वाजवी; कारण युरोपीय संगीतास एकाच वेळी अनेक स्वरांचा मेळ लागतो. हे धूड गोऱ्या साहेबांबरोबर व पाद्र्यांबरोबर हिंदुस्थानात आले आणि येथील हवेत व येथील बैठकीत दोहींकडून अडचणीत सापडले.

ही अडचण कलकत्त्यास दूर झाली. द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत पायांचा भाता काढून टाकला, त्याबरोबर मेजाचे पायही गेले. भाता पेटीच्या पाठीस लागला आणि तो हाकण्याचे काम डाव्या हाताकडे आले. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. डावा हात मोकळा कसा राहिला? आपले गाणे एका वेळी एकाच स्वराने चालते. म्हणून पट्ट्यांस एकच हात पुरेसा झाला आणि दुसरा भात्यास देता आला. युरोपच्या वादकास हा व्यवहार परवडलाच नसता. तेव्हा आपली पेटी ही विलायती वाद्याची केवळ काटछाट नव्हे. आपल्या गाण्याचा स्वभाव आणि आपली भारतीय बैठक यांनी मिळून तिचा आराखडा नव्याने काढला.

पुढील कारागिरांनी हीच दिशा धरली. साडेतीन सप्तकांच्या बेचाळीस पट्ट्या एका माणसाच्या मांडीपुढे मावू लागल्या. त्याहूनही आटोपशीर म्हणजे घडीची पेटी. तीत पट्ट्यांचा भाग खालच्या खोक्यात उतरतो, वरून झाकण बसते, कडी लागते, आणि वाद्य मुठीला धरून प्रवासी पेटाऱ्यासारखे चालू लागते. उलटपक्षी, पट्ट्यांची सारी रांग सरकवून गायकाच्या स्वराशी जुळवून घेण्याची सोय असलेली पेटी शहरांत लोकप्रिय झाली. पण तिचे यंत्र जड आणि नाजूक. खेड्यापाड्यांतून हिंडणारा वादक साध्या पेटीवरच राहिला. बुवांनी काळी एक धरली काय, पांढरी पाच धरली काय, तो आपली बोटे सरकवून घेई.

नाटकमंडळ्यांची गोष्ट निराळी होती. गंधर्व नाटक मंडळीसारखी १९१३ साली निघालेली वैभवशाली संस्था पायभात्याचा ऑर्गन घेऊन गावोगाव फिरे. कारण पडदे, पेट्या, पोशाख यांबरोबर आणखी एक ओझे तिला जड नव्हते. याच मंडळीचे एक संस्थापक गोविंदराव टेंबे यांनी तर पेटीस साथीच्या आसनावरून उठवून स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. परंतु एकट्यादुकट्या कीर्तनकाराजवळ रेल्वेचा डबा नसतो.

विद्वानांचा या वाद्यावर रोष होता, आणि तो निष्कारण नव्हता. पेटीचे सूर ठोकून बसविलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तीत निघत नाही, आणि सप्तकाचे बारा समान भाग आपल्या रागांतील सूक्ष्म स्वरांशी जुळत नाहीत. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि क्लेमेंट्स नामक इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही करविली. उद्योग मोठा होता. तथापि पट्ट्या वाढविल्या की वजन वाढते, आणि वजन वाढले की वाट पुन्हा आडवी येते. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीस आपल्या केंद्रांतून बंदी केली. रवींद्रनाथांसही हे वाद्य रुचत नसे. बंदीस ढिलाई मिळाली ती १९७१ च्या सुमारास, म्हणजे तीस वर्षांनी.

स्वरशास्त्राच्या दृष्टीने टीकाकारांचे म्हणणे खरे होते, हे आम्ही मान्य करतो. पण त्यांनी पेटीची तुलना सारंगीशी केली. ज्या गावात सारंगिया कधी पोचणारच नाही, तेथे तुलना पेटीशी आणि शून्याशी करावयास हवी होती. ताडकळससारख्या गावात भजन शिकणाऱ्या पोरास षड्ज कोठून मिळणार? तानपुरा जुळविण्यास आधी कान तयार लागतो. पेटी न तयार झालेल्या कानासही षड्ज देते. ही सोय लहान नाही. तिची किंमत म्हणून अनेकांचे कान बारा समान स्वरांच्या सवयीचे झाले, हेही नाकारण्यात अर्थ नाही. हा सौदा झाला, आणि तो आम्हांस एकंदरीत फायद्याचा वाटतो. ज्यास वाटत नाही त्याच्याशी आमचे भांडण नाही.

आता विजेची कळफलक-वाद्ये खेड्यांतही आली आहेत. ती पेटीहून हलकी असतात, आणि खटका दाबला की हवी ती पट्टी लागते. पण सप्ताहात ऐन अभंगाच्या वेळी वीज गेली म्हणजे डाव्या हाताच्या भात्याची आठवण होते. पावसाने पट्टी फुगून अडकली तर कोणीतरी ती काढून कडेने घासतो. सूर मुका झाला तर जिभेखालचा धुळीचा कण कागदाच्या कडेने झाडतो. सूर उतरला असेल तर जिभेचे टोक कानशीने किंचित घासून तो चढवितो. एवढे झाले की कीर्तन पुढे चालू होते.